मित्राबाई ‘उतर’ म्हणाल्या तेव्हा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. हैदराबादला मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये मी पोळ्या करते. सकाळची ती वेळ घाईची, त्या वेळेला गावाकडचं कुणी फोन करत नाही. सोबतच्या बाईनं फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडं परंड्याचे बशीरभाई होते, एसटीचे जुने ड्रायव्हर. ते म्हणाले, “कौसाबाई, मित्राबाई गेल्या.” मी विचारलं, “कुठल्या गाडीनं?” मला खरंच तसंच वाटलं. मित्राबाई एसटीत कंडक्टर होत्या, आणि परंड्याच्या स्टँडवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलेलं की त्याचा एकच अर्थ माझ्या डोक्यात बसला होता. मित्राबाई गेल्या म्हणजे कुर्डुवाडीची गाडी सुटली, आता पुढच्या गाडीची वाट बघा. बशीरभाई हळूच म्हणाले, “गाडीनं न्हाय, बेटा...” तरी मला कळायला वेळ लागला. कळल्यावरही मी पोळ्या लाटतच राहिले. किती लाटल्या, कशा लाटल्या, काही आठवत नाही. त्या दिवशी मुलींनी पोळ्या करपल्याची तक्रार केली नाही, त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

त्याला आता सात आठवडे झाले. रडून झालं, सुट्टी काढून परंड्याला जाऊन आले, तरी डोक्यातला गुंता सुटलेला नाही. गुंता तसा जुना आहे, दोन वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचा. भूमहून ईटकडं सायकलवर जाताना एका उतारावर मित्राबाई मला एक शब्द बोलल्या. मी त्याचा एक अर्थ घेतला आणि त्यात त्यांचा हात गेला. मी बरोबर ऐकलं की चुकीचं, हे विचारायचं राहून गेलं असं मात्र नाही. विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. उत्तरही मिळालं. पण ते खरं मानावं की नाही हे तेव्हाही कळलं नाही, आणि आता पुन्हा विचारावं तर त्याच नाहीत.

मी ईटजवळच्या एका वस्तीवरची. आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली, पाठची भावंडं लहान होती, तिथं माझी शाळा सुटली. पुढं लग्न झालं. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता, त्यानं बोलावून घेतलं तेव्हा एक लेकरू कडेवर, एक बोटाला आणि ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन मी निघाले. परंड्याच्या पुढं मी कधी गेले नव्हते. कुर्डुवाडीला उतरून रेल्वे धरायची एवढंच नवऱ्यानं सांगितलेलं. गाडीत बसल्यापासून मी दर गावाला कंडक्टरबाईला विचारत होते, कुर्डुवाडी आली का. तीनदा त्या न्हाय म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, “बाई, कुर्डुवाडी येत नसती. आपल्यालाच जावं लागतंय.” सगळी गाडी हसली आणि मला रडू फुटलं. तेव्हा तिकिटं उरकून त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या, नाव विचारलं. कौसा म्हणल्यावर म्हणाल्या, “ते घरच्यांचं झालं. पूर्ण नाव सांग.” मी कौसल्या म्हणलं. शाळा सुटल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. त्यानंतर त्या मला कायम कौसल्याच म्हणाल्या. बाकी सगळ्या जगाला मी आजही कौसा आहे.

कुर्डुवाडीला त्यांनी ड्रायव्हरला, म्हणजे बशीरभाईंना, चहा घ्या म्हणून सांगितलं आणि गाठोडं स्वतः उचलून मला स्टेशनात नेलं. हैदराबादला निघालेल्या एका कुटुंबात बसवून दिलं. जाताना म्हणाल्या, “भाकरी येती ना तुला? मग घाबरू नको. तिथंबी माणसंच ऱ्हातेत, त्यांनाबी भूक लागती.” होस्टेलमध्ये पोळ्या करायचं काम मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा तेच वाक्य आठवलं. माझी दोन्ही लेकरं त्या पोळ्यांवर शिकली. तेव्हा हे ऋण कुणाचं, याचा मला कधी संशय नव्हता.

पुढं गावी जाताना-येताना मी त्यांची ड्यूटी बघूनच गाडी धरायची. मित्राबाईंचं खरं नाव संघमित्रा. बुटक्या, खाकी कोट गुडघ्यापर्यंत आलेला, चष्मा दोरीनं गळ्यात. घरी सगळे मजुरी करणारे, त्यांच्या घरातली पगाराची पहिली नोकरी त्यांची, आणि त्या नोकरीचा त्यांना भारी अभिमान. पण त्यांची एक रीत होती, ती आता मला सारखी आठवते. एकदा एक म्हातारे बाबा दवाखान्याला निघालेले. गाडीला उशीर झालेला, आणि बाबा एकसारखे विचारत होते, डॉक्टर भेटंल का. मित्राबाई दरवेळी म्हणायच्या, “व्हय बाबा, गाडी टायमात हाय.” बाबा शांत झाले, त्यांना डुलकी लागली. मी हळूच म्हणलं, बाई, गाडी तर लेट आहे. त्या म्हणाल्या, “मग काय त्यांनी पळत जावं का?” तेव्हा मी हसले होते. आता तेच आठवलं की घोर लागतो, कारण मलाही त्यांनी तसंच काही सांगून शांत बसवलं असेल तर...

सायकलीची कल्पना त्यांचीच. बशीरभाई रिटायर झाले आणि मित्राबाईंची नोकरी चार वर्षं उरलेली. मला फोनवर म्हणाल्या, “इतकी वर्षं ह्या रस्त्यानं गेले, पर गाडी पुढं आणि माझं तोंड मागं. रस्ता काय म्या बघितलाच न्हाय.” तर रजा काढून सायकलवर चार दिवस हिंडायचं, जिथं जिथं तिकिटं फाडली ते फाटे बघायचे. परंड्याहून भूम, भूमहून डोंगरातनं ईट, एक दिवस माझ्या वस्तीवर मुक्काम आणि परत. बशीरभाई तयारच होते. मला विचारलं, सायकल येती का. शाळेत असताना चुलत भावाची चालवलेली, त्यावर येते म्हणून बसले. संक्रांतीनंतर होस्टेलला सुट्टी होती. मित्राबाईंची मुलगी सुजाता तेव्हा बार्शीला नर्सिंगला होती, तिची सायकल मला मिळाली. पहिल्या दिवशी परंड्यातनं बाहेर पडेपर्यंत मी दोनदा पडले. बशीरभाई एवढंच म्हणाले, की गाडीला सुरुवातीला असे हिसके बसतातच.

चालायची पद्धत ठरलेली. ड्रायव्हर पुढं, कंडक्टर मागं, आणि पॅसेंजर, म्हणजे मी, मधी. मित्राबाईंनी आपल्या सायकलीला एक जुनी पितळी घंटी बसवलेली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. बशीरभाई इतक्या वर्षांच्या सवयीनं मागं न बघता त्या घंटीवर थांबायचे आणि निघायचे. पहिल्या दिवशी सपाटीवर मजा आली. दुसऱ्या दिवशी भूम सोडलं आणि रस्ता वर-खाली व्हायला लागला. दोन्हीकडं माळ, दगड, मधनंच शाळूचा हिरवा पट्टा, लांब डोंगराच्या कडेला पवनचक्क्या फिरायलेल्या. थंडी होती तरी पहिल्याच चढाला माझी पाठ घामानं भिजली. पायडल दाबेना, सायकल मागं यायला लागली. मागनं मित्राबाई म्हणाल्या, “उतर, कौसल्या, उतर. ढकलत ने.” चढ संपल्यावर सांगितलं, “चढ आला की उतरायचं, आणि उतार आला की चढायचं. ध्यानात ठेव.” बशीरभाई पुढनं म्हणाले, “बाई, ह्या हिशोबानं तुमी गाडी चालवली असती तर आपुन बैलगाडीच्या मागं पोचलो असतो.”

हे ध्यानात ठेवणंच मला जड जात होतं. आमच्या वस्तीवर सगळं बोलणं वर आणि खाली याच हिशेबानं चालतं. आम्ही डोंगरावरचे, त्यामुळं परंड्याकडं, बाजाराकडं, कुठंही जायचं तर आम्ही उतरतो. “दाजी उतरले का?” म्हणजे दाजी खाली गेले का. आई मला लहानपणी कळशी देऊन म्हणायची, उतर लवकर, म्हणजे विहिरीकडं खाली जा. आणि मित्राबाईंचं सगळं आयुष्य एसटीच्या दारात उतरा, उतरा म्हणण्यात गेलेलं, त्यांचं उतरणं म्हणजे गाडी सोडणं. सकाळी दोन-चारदा मी चुकले. त्या उतर म्हणाल्या की माझे पाय आधी जोरात फिरायला बघायचे, मग कळायचं की सायकलवरनं पाय खाली टाकायचेत. ते दोघं हसायचे, मीही हसायची. तेव्हा ती गंमतच होती...

मधे एका फाट्यावर खव्याची भट्टी लागली. मोठ्या कढईत दूध आटत होतं, वास लांबपर्यंत येत होता. भट्टीवाल्या आजोबांनी मित्राबाईंना सायकलवर बघितलं आणि हातातला ढवळायचा खुरपा तसाच धरून काळजीनं विचारलं, “बाई, गाडी फेल झाली का?” मित्राबाई म्हणाल्या, “व्हय मामा. हे तिघंच वाचलो.” आजोबांना खरंच वाटलं. ते रस्त्यापर्यंत येऊन बघायला लागले. मग बशीरभाईंनी समजावलं, तरी आजोबांना पगारी माणसं पाय दुखवून घ्यायला का निघालीत हे काही पटेना. गरम खवा साखर घालून दिला. मित्राबाई तिथल्या दगडावर बसून बोटांनी खवा खात होत्या, आणि कोण इथं उतरायचं, कुणाची पोर ह्या फाट्यावरनं कॉलेजला जायची, कोण कायम सुट्ट्या पैशांवरनं भांडायचा, सगळं सांगत होत्या. मला म्हणाल्या, “तू एवढी कशाला भितीस गं सगळ्याला?” मी म्हणलं, माहीत नाही बाई, सवय आहे. त्या उठून सायकलीकडं गेल्या. पण ते त्यांनी मनात धरलं असं मला आता वाटतं. का मीच तसं धरून बसलेय, हेही सांगता येत नाही.

दुपार कलली तेव्हा तो उतार आला. लांब, खाली ओढ्यावरच्या पुलापर्यंत गेलेला, मधे एक वळण. वळणाच्या लगेच पुढचा तुकडा वरनं दिसत नव्हता, निदान मी उभी होते तिथनं तरी. बशीरभाई आधीच खाली गेलेले, पुलावर ठिपक्याएवढे दिसत होते. मी कडेला एक पाय टेकवून थांबले. मित्राबाई मागच्या उंचवट्यावरनं येत होत्या, अजून पन्नास-साठ पावलं लांब. मी मागं वळून बघितलं. त्यांनी हात वर केला आणि ओरडल्या, “उतर गं, उतर.”

मी उतरले. म्हणजे सीटवर बसले, पाय उचलला आणि सायकल सोडून दिली. आतापर्यंतचा प्रत्येक उतार मी ब्रेक दाबून रडतखडत उतरले होते. ह्या वेळी बाई म्हणतायत म्हणल्यावर मी बोटं मोकळी सोडली. वारं कानात शिरलं, पदर मागं उडाला, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि मला हसू फुटलं. मी मोठ्यानं हसत होते. वळणावर समोरनं उसाची ट्रॉली वर येत होती. मी तिच्या आणि कडेच्या मधनं कशी निघाले मला माहीत नाही. भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही. पुलावर पोचले, बशीरभाईंच्या पुढं जाऊन थांबले आणि तिथं उभी राहून हसतच होते. आयुष्यात एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं, हे खरं सांगते. आता बाई येतील आणि शाबास म्हणतील म्हणून मी वर बघत होते. बशीरभाई हसत नव्हते. ते वर बघून म्हणाले, “घंटी का वाजंना?” मग त्यांनी सायकल तिथंच टाकली आणि पळत चढाला लागले.

मित्राबाई वळणाच्या अलीकडं खडीत पडल्या होत्या. ट्रॉलीवाला खाली उतरून त्यांच्याजवळ बसलेला. उजवा हात अंगाखाली सापडलेला, मनगटाचं हाड सरकलेलं दिसत होतं. तोंड पांढरंफटक. मला बघितल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “लागलं का तुला?” मी न्हाय म्हणलं. त्या बऱ्या हातानं माझा पाय चाचपून बघत होत्या. एका टेम्पोनं आम्हाला दवाखान्यात नेलं, हात प्लॅस्टरमध्ये घातला. माझ्या वस्तीवरचा मुक्काम तिथंच राहिला. घरी त्यांच्यासाठी केलेल्या पिठाची धपाटी दुसऱ्या दिवशी आम्हीच खाल्ली.

हाड जुळलं, पण पकड आली नाही. तिकिटाच्या मशीनवर बोट चालेना, हलत्या गाडीत दांडा धरता येईना. त्यांना डेपोत बसून करायचं काम दिलं, पासच्या खिडकीवर. पगार तोच, त्यामुळं नुकसान काय झालं असं लोक म्हणायचे. पण गाडीत त्यांना मी बघितलेलं होतं. खिडकीमागं त्या दुसऱ्याच कुणीतरी वाटायच्या, चष्मा डोळ्यावर, दोरी काढून टाकलेली. त्यानंतर गावी येताना मी दरवेळी त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

पहिल्यांदा विचारलं ते दवाखान्यातच. बाई, तुम्ही उतर म्हणाला ते खाली जा म्हणून, का सायकलवरनं उतर म्हणून? त्या म्हणाल्या, “मी म्हणलं तेच तू केलंस. आता गप बस.” दुसऱ्यांदा फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, “कसल्या शब्दात अडकून बसलीस.” तिसऱ्यांदा पासच्या खिडकीवर. मागं रांग होती. मी म्हणलं, बाई, वरनं तुम्हाला ट्रॉली दिसली होती का? तुम्ही मला थांबवायला मागनं आलात का? त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तोच आवाज, गाडीतला... “कौसल्या, तू मस्त उतरलीस. मला बघायचंच होतं ते.” मी आनंदानं बाहेर आले. स्टँडवरच्या बाकड्यावर बसले आणि तिथं मला दवाखान्याला निघालेले ते म्हातारे बाबा आठवले. मग तो आनंद गेला तो गेलाच. एक गोष्ट तर मला कशातच बसवता येत नाही. दिवसभर थांब म्हणायला एक टोला, चल म्हणायला दोन टोले वाजवणाऱ्या बाईनं त्या वेळेला घंटी का वाजवली नाही? दोन्हीपैकी काहीही म्हणायचं असतं तरी घंटी होती हाताशी.

अंत्यविधीला मी पोचू शकले नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या दिवशी पोचले. सकाळी अंगणात बसल्या बसल्या हृदय बंद पडलं, एवढंच सगळे सांगत होते. कार्यक्रम झाल्यावर बशीरभाई बाहेर खुर्चीवर एकटे बसलेले दिसले, तर जवळ जाऊन मी त्यांनाच विचारलं. ते आधी टाळत होते. मग म्हणाले, “सायकलवरनं उतर, असंच म्हणायच्या असतील. उंचावरनं त्यांना ट्रॉली दिसली असंल. घाईत माणूस घंटी कुठं शोधतंय?” माझं तोंड बघून त्यांनी हात हलवला. “मी खाली होतो बेटा. मला काय मालूम? इतकी वर्षं त्यांच्या घंटीवर गाडी चालवली. शब्द कधी ऐकायची गरजच पडली न्हाय.” आणि ते डोळे पुसायला लागले.

सुजाताची मला भीती वाटत होती. तिची सायकल, तिची आई. दुपारी पाहुणे पांगले आणि ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. म्हणलं, सुजाता, एक विचारू का. तिनं आधण ठेवत ठेवत सांगितलं, “उताराचंच ना मावशी? आई म्हणायची तुमी विचारचाल म्हणून.” ती म्हणाली, “घरी तर आईनं हेच सांगितलं की म्या तिला खाली जा म्हणलं. एवढी भिती ती, एकदा तरी सुटू दे म्हणलं. आणि मग तिच्या मागं मलाबी जोरात जावं वाटलं. पोरीवानी गेले आणि पडले.” मी म्हणलं, खरंच असं म्हणल्या? सुजातानं पातेल्यात पत्ती टाकली. “म्हणली. पर मावशी, तुमच्याकडची सायकल माझी होती. नीट ब्रेक लागतो का न्हाय ते मी बघून द्यायला पाह्यजे होतं, हे माझ्याबी डोक्यात होतंच की. आई मला काय येगळं सांगणार?” तिच्या बोलण्यात राग होता की नव्हता, तेही मला ओळखता आलं नाही. ब्रेकचा विचार तर मी आजवर केलाच नव्हता. म्हणजे ह्या घरात अजून एक माणूस दोन वर्षं तोच उतार उतरत होतं, आणि त्यालाही त्यांनी झेपेल असंच काहीतरी हातात दिलं होतं.

मी हात चालवायला लागले. फळीवरनं साखरेचा डबा काढला, तिच्या पातेल्यात साखर घातली, झाकण लावून दाबलं. पत्तीचा डबा उघडा होता, त्याचंही झाकण दाबून बसवलं. मेसमध्ये मुंग्यांमुळं तशी सवयच लागलीय. सुजाता चहा गाळत होती. तिनं माझ्याकडं न बघता डावा हात लांब केला, साखरेच्या डब्याचं झाकण सैल केलं, मग पत्तीच्या. नुसतं वर टेकवून ठेवलं. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. तेव्हा मी फळीकडं नीट बघितलं. डाळीचा, तांदळाचा, तिखटाचा, शेंगदाण्याचा, एकाही डब्याचं झाकण बसवलेलं नव्हतं. सगळी वर ठेवलेली, काही तिरकी. सुजाताला मी बघतेय हे दिसलं. ती म्हणाली, “हात गेल्यापासनं आईला निघायची न्हाईत. मग आमी लावायचंच सोडलं. मुंग्या होतेत, होऊ द्या... आता हातच बसत न्हाय दाबायला.”

मी दोन दिवस राहिले. पुढं कुणाला काही विचारलं नाही. निघायच्या सकाळी लवकर उठून दळण आणलं, सुजातासाठी पोळ्या केल्या आणि उरलेलं पीठ मोठ्या डब्यात भरलं. झाकण हातात घेऊन जरा वेळ उभी होते. मग डब्यावर अलगद ठेवलं, दोन बोटांनी उचलता येईल इतकंच.